बालीत अंतर तासांत मोजा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतला बालीवरचा लेख वाचला. छायाचित्रं सुरेख आहेत, पण चौकटीत दिलेला ‘एका दिवसात बाली’ हा कार्यक्रम कुणी खरोखरच पाळायला घेतला तर त्याचा दिवस गाडीतच जाईल. सकाळी लेंपुयांग देवळाचं द्वार, मग तिर्ता गंगा ही जलउद्यानं, दुपारी उबुद गाव आणि सूर्यास्ताला तनाह लोट हे समुद्रातल्या खडकावरचं देऊळ. नकाशात ही ठिकाणं वीतभर अंतरावर दिसतात. प्रत्यक्षात लेंपुयांग बेटाच्या पूर्वेला आणि तनाह लोट नैऋत्य किनाऱ्यावर. दक्षिणेतल्या कुटाहून लेंपुयांगला अडीच ते तीन तास, तिथून उबुदला दोन-सव्वादोन, उबुदहून तनाह लोटला दीड आणि परत कुटाला तास-सव्वा तास. हे झाले सात ते आठ तास, तेही रस्ता मोकळा मिळाला तर.

बाली पूर्व-पश्चिम जेमतेम दीडशे किलोमीटर. पण तिथे द्रुतगती म्हणावा असा रस्ता एकच, समुद्रावरून जाणारा बाली मंदारा टोलमार्ग. तो नुसा दुआ, विमानतळ आणि बेनोआ एवढंच जोडतो. बाकी बहुतेक दुपदरी रस्ते, गावांच्या पोटातून जाणारे. एखाद्या देवळाची मिरवणूक रस्त्यावर आली की वाहतूक थांबते आणि कुणी हॉर्नही वाजवत नाही. म्हणून तासाला पंचवीस-तीस किलोमीटर धरावेत, दक्षिणेत संध्याकाळी त्याहून कमी. शिवाय बेट विषुववृत्ताच्या जवळ, दक्षिणेला साधारण आठ अंशांवर असल्याने दिवस बाराही महिने बारा तासांच्या आसपासच असतो. सहा ते पावणेसातच्या दरम्यान सूर्य मावळतो. आपल्याकडच्या मे महिन्यासारखा सात वाजेपर्यंत उजेड तिथे मिळत नाही.

यावर उपाय सोपा आहे. मुक्काम दोन ठिकाणी करावा: निम्म्या रात्री उबुदला, निम्म्या दक्षिणेत सानूर, जिंबरान किंवा नुसा दुआला. मग एका दिवशी एकच दिशा धरावी. सगळ्या रात्री कुटाला काढून रोज उत्तरेला जाऊन यायचं, ही आपल्याकडच्या बऱ्याच सहलींची पद्धत. एकाच हॉटेलात खोल्या घेणं आयोजकाच्या सोयीचं असतं, प्रवाशाच्या नव्हे.

उबुदहून करण्यासारखा उत्तम दिवस म्हणजे पाकेरिसान नदीचं खोरं. तिर्ता एम्पुल हे दहाव्या शतकातलं झऱ्याचं तीर्थ. सकाळी उघडल्या उघडल्या गाठलं तर कुंडात शांतपणे उतरता येतं. दहानंतर तिथे रांग लागते आणि पाण्यात उभं राहून कुडकुडावं लागतं. पाण्यात उतरायला वेगळं सारोंग (लुंगीसारखं वस्त्र) भाड्याने मिळतं, स्वतःचे कपडे ठेवायला लॉकर असतात, कोरडे कपडे मात्र सोबत हवेत. डावीकडच्या पहिल्या धारेपासून सुरुवात करून क्रमाने उजवीकडे जायचं. मृतांच्या विधींसाठी राखलेल्या दोन धारा सोडायच्या. त्या कुठल्या हे आधी विचारून घ्यावं, कारण हौसेने सगळ्याच धारांखाली डोकं घालणारे पुष्कळ असतात. मासिक पाळीच्या काळात देवळात प्रवेश नसतो. तशी पाटीच असते.

तिथून गाडीने काही मिनिटांवर गुनुंग कावी आहे. बहुतेक सहली हे ठिकाण गाळतात, आणि वेरूळ-घारापुरी पाहिलेल्या मराठी माणसाला तेच सगळ्यात जास्त भावेल. अकराव्या शतकात कड्यात कोरलेली दहा उंच स्मारकं, सात मीटरच्या आसपास उंचीची, बालीच्या उदयन राजाच्या घराण्याशी जोडलेली. खाली जायला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. उतरताना काही वाटत नाही, पण येताना तेवढ्याच चढायच्या असतात. गुडघे दुखणाऱ्यांनी ठरवूनच उतरावं. तेगलालांगची भातखाचरं परतीच्या वाटेवरच लागतात. तिथे सुट्या नोटा हाताशी ठेवाव्यात, कारण बांधावरून पुढे जाताना त्या त्या शेताचा मालक वेगळे पैसे मागतो. फोटोसाठी टांगलेल्या झोपाळ्याचे आणखी वेगळे. खरी विस्तीर्ण खाचरं पाहायची तर तबानान जिल्ह्यातलं जातिलुविह गाठावं. बालीची ‘सुबक’ ही सामुदायिक पाटबंधारे व्यवस्था २०१२ साली युनेस्कोच्या यादीत गेली, त्यात हा भाग आहे. मात्र कापणी नुकतीच झाली असेल तर हिरवळीऐवजी चिखल दिसतो. जाण्याआधी चालकाला शेताची स्थिती विचारावी.

आता लेंपुयांगबद्दल. लेखासोबतच्या छायाचित्रात द्वारापुढे तळं दिसतं. असं तळं तिथे नाही. छायाचित्रकार मोबाइलच्या भिंगाखाली आरसा धरतो आणि त्यात द्वाराचं प्रतिबिंब पडतं. खाली गाडी ठेवून ठरलेल्या वाहनाने वर जायचं, नंबर घ्यायचा आणि वाट पाहायची. गर्दीच्या दिवसांत दोन ते चार तास सहज जातात, त्यानंतर पायरीवर मिनिटभर मिळतं. मागचा आगुंग पर्वत दिसला तर या सगळ्याला अर्थ, आणि तो नऊ-दहानंतर बहुधा ढगात जातो. म्हणजे पहाटे तीन-चारला निघायचं, नाहीतर हा नाद सोडायचा. आमचं मत विचाराल तर सोडावा. पूर्वेला जायचंच असेल तर तिर्ता गंगेला सावकाश वेळ द्यावा. करंगासेमच्या राजाने १९४० च्या दशकात बांधलेली ही जलउद्यानं १९६३ च्या आगुंगच्या उद्रेकात उद्ध्वस्त झाली होती, नंतर पुन्हा उभी राहिली.

किंतामणीचंही तसंच. बातुर ज्वालामुखी आणि त्याचं सरोवर कड्यावरून सकाळी स्वच्छ दिसतं. दुपारच्या जेवणाला तिथे पोहोचणाऱ्या सहलींना पुष्कळदा धुकं पाहत जेवावं लागतं. सूर्योदयाला बातुर (१,७१७ मीटर) चढायचा असेल तर उबुदहून रात्री दोनला निघावं लागतं. चढ साधारण दोन तासांचा, वरच्या टप्प्यात सैल खडी. गरम कपडे आणि धड बूट हवेत, चपला नकोत. बेसाकीहच्या देवळाला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की आतल्या चौकांत फक्त पूजेला आलेल्यांना प्रवेश असतो. ‘आम्हीही हिंदूच’ म्हणून दारावर हुज्जत घालू नये, तिथला पोशाख आणि विधी वेगळा आहे.

दक्षिणेतला दिवस उलुवातूसाठी ठेवावा. सत्तर मीटर उंच कड्यावरच्या या देवळात संध्याकाळी सहाला केचक नृत्य सुरू होतं. वाद्य एकही नाही. पुरुषांचा घोळका ‘चक-चक’ असा ठेका धरतो आणि त्यावर रामकथा उभी राहते. हनुमान थेट प्रेक्षकांत शिरतो, त्यामुळे मुलं खूश असतात. तिकीट आधी काढलेलं बरं, आणि पाचपर्यंत पोहोचावं, नाहीतर मावळतीकडची जागा मिळत नाही. तिथली माकडं चष्मा, टोपी, मोबाइल पळवतात आणि खाऊ मिळाल्यावरच सोडतात. चष्मा खिशात ठेवून देऊळ बघावं, दिसेल तेवढं. तनाह लोट त्याच संध्याकाळी होत नाही, त्यासाठी दुसरी संध्याकाळ हवी. ओहोटी असेल तर खडकाच्या पायथ्यापर्यंत चालत जाता येतं, भरतीत लांबूनच दर्शन. वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नकोच.

नुसा पेनिदाला सानूरहून जलद बोटीने पाऊण तास लागतो. बेटावरचे रस्ते अरुंद आणि चढउताराचे आहेत, म्हणून एका दिवसात पश्चिमेकडची केलिंगकिंग, ब्रोकन बीच, एंजल्स बिलाबाँग एवढीच ठिकाणं करावीत. पूर्व बाजू त्यात कोंबली की परतीची बोट चुकते, आणि संध्याकाळी पाचनंतर बोटीचा भरवसा धरू नये. केलिंगकिंगचा कडा वरूनच पाहावा. खालची वाट खडी आहे आणि पाण्याला ओढ फार. बिलाबाँगच्या खडकातल्या डोहात उतरलेली माणसं अचानक आलेल्या लाटेने ओढली गेली आहेत.

गाडीचा सौदा बहुधा दहा तासांचा असतो, चालकासह. पेट्रोल धरलंय का, पार्किंग आणि प्रवेशशुल्क कुणाचं, जादा तासाला किती, हे आधी लिहून घ्यावं. दुकानं आणि ‘लुवाक कॉफीचा मळा’ नको, हेही सकाळीच सांगावं. तिथे पिंजऱ्यातली उदमांजरं दाखवून त्यांच्या विष्ठेतल्या बियांची कॉफी विकतात आणि त्यात तास जातो. अ‍ॅपवरची टॅक्सी जाताना मिळते, पण उबुद परिसरात आणि लांबच्या देवळांपाशी स्थानिक चालकांच्या विरोधामुळे परतताना ती बोलावणं अवघड जातं.

पैशांचं थोडक्यात. १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना दीड लाख रुपियांचा पर्यटन कर आहे, म्हणजे साधारण आठशे रुपये. तो निघण्याआधी ऑनलाइन भरता येतो. व्हिसाचे पाच लाख रुपिया वेगळे. दहा हजार आणि एक लाख यांतलं एक शून्य अंधारात दिसत नाही, म्हणून लाखाच्या लाल नोटा पाकिटात वेगळ्या ठेवाव्यात. शाकाहारी मंडळींनी ‘तान्पा तरासी’ (तरासी नको) हे दोन शब्द पाठ करावेत. भाज्यांच्या नासी गोरेंगमध्येही (परतलेल्या भातातही) कोळंबीची ही चटणी पडलेली असते आणि नुसतं ‘व्हेज’ म्हटल्याने ती टळत नाही.

आणखी एक. बालीचं नववर्षही शक पंचांगाचंच. २०२६ साली न्येपी, म्हणजे हा नववर्षाचा दिवस, १९ मार्चला, म्हणजे आपल्या गुढीपाडव्याच्याच दिवशी आली. इतर वर्षी तारीख मागेपुढे होते. त्या दिवशी सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सहापर्यंत विमानतळ बंद असतो, रस्त्यावर कुणी फिरत नाही, दिवेही मंद करतात, आणि पाहुण्यांनाही हॉटेलाबाहेर पाऊल टाकता येत नाही. मार्चची तिकिटं काढण्याआधी त्या वर्षीची न्येपीची तारीख पाहावी. आदल्या संध्याकाळी निघणारी ओगोह-ओगोह या राक्षसांच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायची असेल, तर मात्र मुद्दाम त्याच आठवड्यात जावं आणि जेवणाची सोय असलेलं हॉटेल निवडावं.

कळावे,
आपला,
एक वाचक, ठाणे