बससाठी कर द्यायला तयार आहोत, पण हिशेब दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सार्वजनिक वाहतुकीसाठी पैसे उभे करण्याचा विषय निघाला की ‘पुणेकरांना नवा कर नकोच असतो’ असे सरसकट म्हटले जाते, ते मला मुळीच मान्य नाही. मेट्रो अजून न पोहोचलेल्या धायरीत घर घेणारासुद्धा 2022 पासून दस्तनोंदणीच्या वेळी 1 टक्का मेट्रो अधिभार भरतो. पीएमपी या शहर बससेवेची संचलन तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका 60 आणि 40 टक्के अशी वाटून घेतात, म्हणजे बसमध्ये कधी पाय न ठेवणाऱ्याच्या मिळकतकरातूनही बस चालते. मात्र मिळकतकराच्या बिलावर वृक्षकर, अग्निशमन कर यांचे आकडे वेगळे दिसतात; बससाठी किती गेले, हे कुठेच दिसत नाही.

1 जून 2025 पासून किमान तिकीट पाचाचे दहा झाले आणि मासिक पास 900 रुपयांवरून 1500 वर गेला. चार घरची धुणीभांडी करायला रोज बसने जाणाऱ्या बाईला हे सहाशे रुपये किती जड जातात, हे सांगायला नको. महापालिकेत मार्च 2022 पासून प्रशासक असल्याने तेव्हा सभागृहात जाब विचारायला नगरसेवकही नव्हते.

अमेरिकेत इंधनावरील संघीय कर 1993 पासून गॅलनला 18.4 सेंटवरच अडकला आहे, कारण तो वाढवणे राजकीयदृष्ट्या अवघड मानले जाते. पण तेथील मिनेटा ही वाहतूकविषयक संशोधन संस्था 2010 पासून घेत असलेल्या जनमत चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसले आहे, की वाढीव पैसा रस्तेदुरुस्तीसारख्या ठरावीक कामालाच लागेल असे सांगितले, तर त्याच करवाढीला पाठिंबा बराच वाढतो. लॉस एंजेलिस परगण्यात तर 2016 मध्ये मतदारांनी वाहतुकीसाठी डॉलरमागे अर्धा सेंट वाढीव विक्रीकर दोन तृतीयांशांहून अधिक मतांनी मंजूर केला.

आपल्याकडे 2018 मध्ये पाच रस्त्यांवर सशुल्क पार्किंगचे धोरण मंजूर होऊनही प्रत्यक्षात आले नाही. ते आता राबवावे, त्याचे उत्पन्न केवळ बससाठी स्वतंत्र खात्यात ठेवावे आणि त्यातून कोणत्या मार्गावर किती गाड्या वाढल्या, हे दर तिमाहीला जाहीर करावे. नवा कर लावायचाच असेल, तर त्याआधी प्रभागनिहाय सभा घेऊन नागरिकांचे मत नोंदवावे आणि तो अहवाल अंदाजपत्रकासोबत मांडावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक नियमित बसप्रवासी, सिंहगड रस्ता, पुणे