अंबरच्या मुलखातून परतल्यावर

दादर, मुंबई

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ‘अंबरचा देश कसा आहे ते सविस्तर लिही, फोनवर तुझे बोलणे हवेतच विरते’ हा तुझा हुकूम शिरसावंद्य मानून लिहायला बसलो आहे. इथिओपियातून गुलाम म्हणून येऊन निजामशाहीचा कारभारी झालेल्या मलिक अंबरने वसवलेल्या गावात, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तू जन्मलास, तुझ्या आजोबांनी त्याच्या नहर-ए-अंबरी या भूमिगत कालव्याचे पाणी प्यायलेले आहे, तेव्हा इथिओपियाविषयी विचारण्याचा अधिकार माझ्या ओळखीत तुझ्याइतका दुसऱ्या कोणाला नाही. मात्र आवडला की नाही, असे एका शब्दात विचारशील तर मला उत्तर देता येणार नाही. ज्या अभिमानामुळे त्या देशाने आपला प्राचीन वारसा जिवापाड जपला, त्याच अभिमानाने तेथे मला अनेकदा अस्वस्थही केले.

मुंबईहून सुटलेले विमान पाच-सहा तासांत अदिस अबाबाला उतरते, म्हणजे मुंबईहून तुझ्याकडे रेल्वेने यायला लागतो त्यापेक्षाही कमी वेळात. शहर सुमारे २,३०० मीटर उंचीवर, महाबळेश्वरपेक्षाही जवळपास हजार मीटर वर वसलेले आहे आणि पहिले एक-दोन दिवस साधा जिना चढतानाही धाप लागते. रुंद नवे रस्ते, रात्री दिव्यांनी लखलखणारे पदपथ, चिनी कंपन्यांनी बांधलेली शहरी रेल्वे हे सारे पाहून प्रथम मी दिपून गेलो. नंतर पियासा नावाच्या जुन्या वस्तीत गेलो, तर तिचा मोठा भाग २०२४मध्ये रस्ते रुंद करण्यासाठी पाडून टाकलेला. तेथील कुटुंबे शहराच्या कडेला हलवली गेली आहेत. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला अशा मोकळ्या, नीटनेटक्या जागेकडे निर्मळ मनाने पाहता येत नाही, हे तुला वेगळे सांगायला नको.

कालगणनेची गंमत तुला ठाऊक असेलच. त्यांच्याकडे वर्षाचे तेरा महिने आणि साल आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे. दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. जेवणाविषयी मात्र थोडे अधिक लिहितो, कारण माझ्या शाकाहाराची तुम्हा सर्वांना फार काळजी होती. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक दर बुधवारी आणि शुक्रवारी, शिवाय ईस्टरपूर्वीच्या दीर्घ उपवासात मांस, दूध, अंडी यांपैकी काहीही खात नाहीत. त्यामुळे उपवासाचे ताट मागितले की टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या, जाळीदार इंजेरावर मसूर, पालेभाजी, बीट आणि शिरो असे सारे वाढून येते. शिरो म्हणजे हरभऱ्यासारख्या कडधान्याच्या पिठाचे, तिखट मसाल्याचे थेट आपले पिठलेच. पहिल्या दिवशी इंजेराची आंबट चव जिभेला मानवली नाही. तिसऱ्या जेवणापासून मात्र मी ताट पुसून खाऊ लागलो.

आता लालिबेला या गावाविषयी, कारण सर्वांत अधिक लिहायचे आहे ते तिथलेच. बाराव्या-तेराव्या शतकात, लालिबेला या राजाच्या नावाशी जोडलेली अकरा चर्चे तेथे डोंगराच्या सलग खडकातून कोरून काढलेली आहेत. त्यांतील सेंट जॉर्जचे चर्च पाहताना वेरुळचे कैलास लेणे आठवले नाही, असा मराठी माणूस विरळा. तीच रीत, आधी कळस आणि मग पाया. जमिनीच्या पातळीपासून खाली खणत जायचे, भोवतीचा दगड उपसून टाकायचा आणि मधोमध इमारत शिल्लक ठेवायची. वरून पाहिले तर क्रुसाच्या आकाराचे छप्पर जमिनीशी समतल दिसते आणि बाकी चर्च खोल खड्ड्यात उभे असते. राष्ट्रकूटांचे कैलास आठव्या शतकातले, हे त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी झालेले. एकाने दुसऱ्याचे पाहिले असे मानण्याला काहीही आधार नाही. पण खडकाचे नाते मात्र जवळचे आहे. आपले दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचे, त्यांचे सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या. म्हणूनच विमानाच्या खिडकीतून खाली पाहताना तुटलेले कडे आणि सपाट माथे पाहून आपण घाटमाथ्यावरून उडत आहोत, असे मला क्षणभर वाटले होते.

वेरुळशी असलेले साम्य येथे संपते. कैलासात आज ना नैवेद्य आहे ना घंटा, तर लालिबेलात मात्र पहाटेच्या काळोखात पांढरी सुती वस्त्रे पांघरलेले शेकडो लोक खड्ड्याच्या काठावर उभे होते. आत पुरोहित गीझ भाषेतील प्रार्थना म्हणत होते, जी आता कोणाच्याही घरात बोलली जात नाही. मोठे ढोल घुमत होते, धातूचे लहान वाद्य टाळासारखे छणछणत होते आणि उंच काठ्यांवर रेललेले वृद्ध संथपणे डोलत होते. पादत्राणे बाहेर काढावी लागतात आणि आतील गालिच्यांत पिसवा असतात, हे दोन्ही लक्षात ठेव. प्रत्येक चर्चमध्ये कराराच्या कोशाची, म्हणजे बायबलमधील दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीची, एक प्रतिकृती पडद्याआड असते आणि ती पुरोहितांखेरीज कोणी पाहत नाही. मूळ कोश उत्तरेला अक्सुममध्ये आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे आणि तो केवळ एका रक्षक साधूच्या नजरेस पडतो. पुरावा मागण्याचा माझा स्वभाव तुला माहीत आहे. तेथे मी मागितला नाही आणि मागावासाही वाटला नाही.

त्याच गावाचे दुसरे रूप चर्चच्या दारातच भेटते. काही चर्चांवर पावसापासून संरक्षण म्हणून युरोपीय मदतीने उभारलेली प्रचंड छते आहेत आणि त्यांच्या खांबांचा भार खालचा पोकळ खडक किती काळ सोसेल, याची भीती गावकरी उघडपणे बोलून दाखवतात. २०२१मध्ये तिग्रे या उत्तरेकडील प्रांताच्या युद्धात हे गाव काही महिने बंडखोर फौजांच्या ताब्यात होते. तिग्रेचा तह २०२२मध्ये झाला, परंतु पुढच्याच वर्षी अम्हारा प्रांतात सरकार आणि स्थानिक सशस्त्र गट यांच्यात नवा संघर्ष पेटला. विमानतळावरून येताना जागोजागी सैनिक होते. हॉटेलातील बहुतेक खोल्या रिकाम्या होत्या आणि माझ्या एकट्याच्या मागे चार-पाच वाटाडे आर्जव करीत चालत होते. त्यांच्यातील एक पदवीधर शिक्षक होता. परदेशी प्रवाशाकडून डॉलरमध्ये घेतले जाणारे भरमसाट शुल्क त्या गावाच्या पदरात किती पडते, असा प्रश्न मला त्यांच्याकडे पाहून पडला आणि त्यांच्या कपड्यांवरून त्याचे उत्तरही मिळाले.

अदिस अबाबातील अडव्याच्या लढाईचे नवे स्मारक भव्य आहे. १ मार्च १८९६ रोजी सम्राट मेनेलिकच्या फौजेने इटलीचा पराभव केला. मुंबईत प्लेग शिरला ते हेच वर्ष. त्या काळी युरोपीय सैन्याला धूळ चारून आपले स्वातंत्र्य टिकवणारा आफ्रिकी देश दुसरा नव्हता, आणि स्मारकात हिंडणाऱ्या शाळकरी मुलांची ताठ मान पाहून मलाही बरे वाटले. सप्टेंबर २०२५मध्ये उद्घाटन झालेल्या नाईलवरील महाकाय धरणाविषयीही लोक याच स्वरात बोलतात. पण माझा तरुण चालक ओरोमो या समाजाचा होता. परतताना त्याने सांगितले की, ज्या मेनेलिकने इटलीला रोखले, त्यानेच आपल्या आजोबा-पणजोबांचा मुलूख बंदुकीच्या बळावर जिंकला आणि तेथील माणसे गुलाम म्हणून उत्तरेला नेली गेली. गुलामगिरी त्या देशात कायद्याने बंद झाली ती १९४२मध्ये. विजयाची कथा मला अनेकांनी ऐकवली, ही बाजू त्याच्याखेरीज कोणी आपणहून सांगितली नाही.

त्यानंतर मी पूर्वेकडील हरार या शहरी गेलो, आणि गेलो ते अंबरसाठीच. अंबर, म्हणजे मूळचे चापू नावाचे ते पोर, सुमारे १५४८मध्ये नेमके कोणत्या गावी जन्मले, हे दाखवणारा दगड कोठेही नाही. पण त्याच्या जन्माआधीच्या दोन दशकांत हा सारा प्रदेश होरपळून निघाला होता, हे हरारमध्ये नीट उमगते. तेथून निघालेल्या इमाम अहमदच्या फौजांनी १५२९पासून ख्रिस्ती राज्य जवळजवळ मोडून काढले. त्या राज्याच्या मदतीला १५४१मध्ये चारशे पोर्तुगीज बंदूकधारी धावून गेले, त्यांचा नायक वास्को द गामाचा मुलगा आणि त्याला धाडणारा त्याचाच भाऊ, गोव्याचा गव्हर्नर. अशा युद्धांमागून गुलामांचे तांडे बंदरांकडे चालू लागतात. त्यांतलाच हा एक मुलगा येमेनमधील मोखा आणि बगदादच्या बाजारांतून फिरत निजामशाहीच्या दारी आला.

हरारचे तटबंदीचे शहर लहान, अरुंद बोळांचे आणि मशिदींनी गजबजलेले आहे. आर्थर रँबो या फ्रेंच कवीच्या नावाने जे लाकडी घर दाखवतात, ते प्रत्यक्षात एका भारतीय व्यापाऱ्याने बांधलेले आहे, याची त्या बिचाऱ्या व्यापाऱ्याला काही भरपाई व्हायला हवी होती. रात्री तटाबाहेर तरसांना मांस भरवण्याचा प्रसिद्ध खेळही मी पाहिला. तो मला आवडला नाही, त्यामुळे पुढे जातो.

दुपारी चघळायचा चाट नावाचा हिरवा पाला घेऊन बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांकडे मला कॉफीसाठी नेण्यात आले. मी त्यांना अंबरविषयी विचारले. त्याआधी दोन संग्रहालयांतही विचारले होते. नाव कोणालाच ठाऊक नव्हते, हिंदी चित्रपटांतील नट मात्र सर्वांना ठाऊक होते. मग मीच सांगत बसलो: १६१०मध्ये वसवलेली खडकी, जमिनीखालून आणलेले पाणी, मोगलांना जेरीस आणणारा गनिमी कावा, १६२४ची भातवडीची लढाई आणि तीत त्याच्या बाजूने लढलेले शहाजीराजे. म्हाताऱ्यांचा पहिला प्रश्न लढायांविषयी नव्हता. अंबर शेतकऱ्यांकडून सारा कसा घेत असे, असे त्यांनी विचारले. जमिनीचा कस पाहून, मध्यस्थ ठेकेदारांना दूर सारून, गावच्या पाटलांमार्फत, असे मी सांगताच त्यांनी समाधानाने मान डोलावली आणि मग तो आमचाच असणार, असे ते म्हणाले. तेवढ्यात शेजारी बसलेला त्यांचा जावई हसत हसत म्हणाला, आपला होता तर त्याला विकला कोणी? त्यावर बराच वेळ त्यांच्या भाषेत वाद रंगला. माझा दुभाषाही त्यात इतका गुंतला की माझ्यासाठी भाषांतर करायचेच विसरला. दरम्यान कॉफीचा तिसरा पेला आला, त्यानंतरच उठायचे असते.

तू जाणार असशील तर पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी घे, नाहीतर परतताना मुंबई विमानतळावर अडवून ठेवतात. अक्सुम आणि तिग्रे मी यावेळी वगळले. तेथील मित्रांनी रस्त्याने जाऊ नको असेच सांगितले. जुलै २०२४नंतर त्यांच्या बिर्र या चलनाची किंमत निम्म्याहून खाली घसरली आहे, त्यामुळे आपल्याला सारे स्वस्त वाटते आणि दुकानदार मात्र भाव सांगताना ओशाळतो. पौष संपला की मी तुझ्याकडे येतो. खुलताबादला अंबरच्या कबरीवर जायचे आहे, गाडीची व्यवस्था तेवढी करून ठेव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अरुण