येळवशीला खोटं बोलले त्याबद्दल

लातूर

ती. आई-बाबांस,
सा. न.

येळवशीच्या अमावस्येला रानात सगळे भज्जी-आंबिलीवर ताव मारत होते आणि मी कडब्याच्या कोपीमागं तोंड फिरवून बसले होते. बाबा, तुम्ही विचारलंत तेव्हा डोकं दुखतंय म्हणाले. तसं नव्हतं.

आदल्या आठवड्यात माझ्या दिव्यांग मुलांच्या वर्गातल्या एका लेकरानं पहिल्यांदा आपल्या शर्टाचं बटण आपण लावलं. नऊ वर्षांचं आहे. आठ महिने चाललं होतं. आधी मी बटण काजातून अर्धं सारून द्यायचं, त्यानं नुसतं ओढायचं. मग रोज थोडा थोडा माझा हात काढून घ्यायचा. लावलं आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. मला काहीच वाटलं नाही, आई. वहीत तारीख टाकली. त्याची आई दारात रडत होती आणि माझ्या मनात काय, तर आता ही अर्धा तास बोलत बसणार!

रात्री माझीच मला भीती वाटली.

सोबतच्या बाई म्हणाल्या, याला करुणेचा थकवा म्हणतात. चार्ल्स फिग्ली नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९९५ साली त्यावर पुस्तकच काढलंय. कामाच्या ढिगानं दमणं निराळं. इथं दुसऱ्याचं दुःख रोज अंगावर घेऊन माया आटते. मला मात्र तूच आठवलीस. आजीला लकवा झाला तेव्हा तिचं सगळं आवरून तू माळवदावर ज्वारी निवडत बसायचीस. निवडलेलीच पुन्हा निवडायचीस. हाक मारली तरी ओ द्यायची नाहीस. मला वाटायचं, आई रागावलीय.

आता संध्याकाळी सातनंतर पालकांचे फोन घेत नाही. दिव्यांग कार्डाचे फॉर्म रात्री मीच भरायची, ते त्यांना शिकवलं. त्यांतले दोघे नाराज आहेत, असू देत. १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोनही केला. फुकट आहे, मराठीत बोलतात. पहिली पाच मिनिटं मी नुसती रडले.

बाबा, नोकरी सोड म्हणू नका. ते मी स्वतःला शंभरदा म्हणून बघितलंय.

काल त्या पठ्ठ्यानं दुसरं बटण लावलं, तिसऱ्या काजात. शर्ट एका बाजूनं वर चढला. मला हसू आलं, खरंखुरं.

रविवारी येते. आई, माळवदावर ज्वारी काढून ठेव. आणि मला हाक मारू नका.

तुमची,
ताई