दांडे भरलेले, तरी गाडीत नेट का रखडते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइल इंटरनेटच्या वेगाविषयीच्या बातम्यांत आणि वाचकांच्या तक्रारींत एक गोष्ट कायम गृहीत धरलेली असते: सिग्नलचे दांडे भरले की नेट चाललेच पाहिजे, आणि न चालल्यास कंपनीने टॉवरची ताकद वाढवावी. एका जागी बसलेल्या माणसापुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. माहिती सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन यांच्या 1948च्या सूत्रानुसार, सिग्नल त्यात मिसळणाऱ्या नकोशा गोंगाटाच्या मानाने बळकट असेल तर त्याची ताकद दुप्पट केल्यावर दर चिन्हामागे (म्हणजे एका वेळी पाठवलेल्या लहरीच्या तुकड्यामागे) सुमारे एक बिट जास्त पाठवता येतो. मात्र त्या सूत्रात लहरींची टॉवरपासून फोनपर्यंतची वाट स्थिर आणि फोनला ठाऊक असते.

धावत्या गाडीत तसे नसते. इमारती, डोंगर आणि डब्याचा पत्रा यांवरून परतलेल्या लहरी कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे मारतात, हेच फेडिंग. 3500 मेगाहर्ट्झच्या 5जी लहरीची लांबी जेमतेम साडेआठ सेंटीमीटर असल्याने ताशी 100 किलोमीटर वेगाची गाडी तिच्या निम्मे अंतर सुमारे दीड मिलिसेकंदात कापते, आणि तेवढ्यात सिग्नलची पातळी व फेज (म्हणजे लहर तिच्या चढउतारात नेमकी कुठे आहे ते) दोन्ही पालटू शकतात. म्हणून टॉवरला डेटाच्या अधूनमधून आधीच ठरलेली ‘पायलट’ चिन्हे पाठवावी लागतात, ज्यांवरून फोन वाटेचा अंदाज बांधतो. ही जागा अर्थातच डेटाच्या वाट्यातून जाते.

मग अंदाजच न बांधता, फेजवाचून संदेश ओळखला तर? ही नॉनकोहेरंट पद्धत टाकाऊ मुळीच नाही. आयएस-95 या जुन्या मोबाइल प्रणालीचे फोन 64 वॉल्श क्रमांपैकी (एकमेकांत न मिसळणाऱ्या, आधीच ठरलेल्या नमुन्यांपैकी) एक निवडून पाठवत आणि टॉवर तो फेज न जाणता ओळखे. पण वाट अज्ञात असण्याची किंमत तिथेही चुकत नाही. लिझोंग झेंग व डेव्हिड त्से या संशोधकांनी 2002 मध्ये दाखवले, की वाट जितकी चिन्हे स्थिर राहते त्यांच्या निम्म्याहून अधिक अँटेनांवरून पाठवल्याने, भरपूर ताकद असतानाही, क्षमतावाढीचा दर सुधारत नाही. आमोस लापिडोथ व स्टेफान मोझर यांचा 2003चा निष्कर्ष तर अधिकच कठोर आहे: वाट दर चिन्हागणिक बदलत असेल तर बळकट सिग्नलातही आणखी एका बिटासाठी डेसिबलच (ताकद गोंगाटाच्या किती पट आहे याचे लॉगरिदमिक माप) दुप्पट करावे लागतात, म्हणजे गोंगाटाच्या 100 पट ताकद असेल तर ती 10,000 पट. रोजच्या लोकलची अवस्था इतकी वाईट नसते, हे खरे. पण ‘ताकद वाढवा’ या मागणीचा जोर कुठे संपतो, हे त्यातून कळते.

दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्राय गाडीतून फिरूनही चाचण्या घेते. आपण वेगाचे आकडे छापताना ते उभ्या फोनचे आहेत की धावत्या गाडीतले, आणि गाडीचा वेग काय होता, एवढे अवश्य छापावे, ही विनंती.

आपला,
दूरसंचार विषयाचा एक निवृत्त प्राध्यापक, पुणे