श्रीमंतांवर जादा कर? आधी अडीच हजारांची मर्यादा उठवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अतिश्रीमंतांकडून जादा कर घ्यावा की नाही, यावर आपल्या पत्रस्तंभातली मते वाचली. एक बाजू म्हणते घ्यायलाच हवा, दुसरी म्हणते घेतलात तर पैसेवाले दुबई गाठतील. पत्रांत फ्रान्स आला, नॉर्वे आला. महाराष्ट्र तेवढा राहिला. कमावत्यांकडून वेगळा कर घ्यायचा आणि तो दुष्काळी गावातल्या मजुराच्या हातात द्यायचा, हे या राज्याने पन्नास वर्षांपूर्वी केले आहे. तो कर, म्हणजे व्यवसाय कर, आजही आपल्या पगारातून कापला जातो. कशासाठी, ते मात्र कोणाला आठवत नाही.

मी एका सूतगिरणीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालो. पगारपत्रकावर पी.एफ.च्या खाली 'पी.टी.'ची ओळ असायची. पी.टी. म्हणजे व्यवसाय कर. महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, मिळून वर्षाला २,५००. कामगार दर फेब्रुवारीत विचारायचे, या महिन्यात शंभर जादा का? आकडा जुळवायचा म्हणून, एवढेच त्याचे उत्तर होते.

व्यवसाय कराचा कायदा १९७५ सालचा. पाठीशी १९७२ चा दुष्काळ होता, आणि विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचा आग्रह होता. काम मागेल त्याला काम देण्याचा पहिला प्रयोग आमच्याच तासगाव तालुक्यात, विसापूर परिसरात झाला. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसा कोठून आणायचा हे तेव्हाच्या लोकांनी आधी ठरवले, हे मला फार मोलाचे वाटते. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्यावर व्यवसाय कर बसवला. शहरातल्या बिगरनिवासी इमारती आणि बागायती जमिनींवरही बोजा टाकला. या करांतून जेवढी रक्कम जमा होईल तेवढीच भर राज्य सरकारने स्वतःच्या तिजोरीतून घालायची, असेही ठरले. आमच्या बापजाद्यांनी खडी फोडली, नालाबांध घातले, पाझर तलाव खोदले, त्याची मजुरी यातून आली. मुंबई या करामुळे ओस पडल्याचे ऐकिवात नाही.

आता हिशेब बघा. महिना बारा हजार मिळवणारा गिरणी कामगार वर्षाला १ लाख ४४ हजार मिळवतो आणि २,५०० भरतो. म्हणजे लाखामागे सतराशेच्या वर. वर्षाला वीस कोटी मानधन घेणारा कंपनीचा संचालकही २,५०० च भरतो. त्याचा भार पडतो लाखामागे सव्वा रुपया, देवापुढे नारळाबरोबर ठेवतात तेवढा. (महिलांना २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत हा कर माफ आहे, ते योग्यच झाले. पुरुषांना मात्र दहा हजारांच्या वर एक रुपया गेला की पूर्ण कर.)

यात राज्य सरकारचा दोष अर्धाच. राज्यघटनेच्या कलम २७६ मध्येच लिहिले आहे की व्यवसाय कर एका माणसाकडून वर्षाला ठरावीक रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही. ही मर्यादा आधी २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली आणि तिथेच थांबली. त्या वर्षी सोने तोळ्याला तीन हजारांच्या आसपास होते. चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा १२ हजार करा म्हटले, पंधराव्याने १८ हजार. दोन्ही शिफारशी कागदावर राहिल्या. माझ्या मते त्या चुकीच्याही होत्या. सरसकट मर्यादा वाढवली की पहिली कात्री पगारदाराच्याच खिशाला लागते.

कोणी म्हणेल, श्रीमंतांवर केंद्राचा अधिभार, म्हणजे आयकराच्या रकमेवर आणखी कर, आहेच की. आहे. २०१९ मध्ये पाच कोटींवरच्या उत्पन्नाला तो ३७ टक्के झाला; २०२३ मध्ये नव्या करप्रणालीत २५ टक्क्यांवर आणला. सगळे धरून कमाल दर ४२.७४ वरून ३९ टक्क्यांवर आला. लाभांश आणि भांडवली नफ्याला तर हा अधिभार १५ टक्क्यांच्या वर जातच नाही, आणि खऱ्या धनवानाचे उत्पन्न बहुतेक त्याच वाटेने येते. शिवाय अधिभाराच्या रकमेत राज्यांना वाटा नसतो. मुंबईतल्या धनिकाने भरलेल्या अधिभारातला रुपयाही वाटा म्हणून आपल्याकडे परत येत नाही, आणि आटपाडी किंवा जतसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या मजुराशी त्याचा संबंध कोणी जोडून दाखवू शकत नाही.

जुन्या करांचे दाखलेही पत्रांत होते, ते अर्धवट होते. मालमत्ता शुल्काचा, म्हणजे वारसांना मिळणाऱ्या संपत्तीवरच्या कराचा कायदा १९५३ मध्ये झाला, तेव्हा अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो १९८५ मध्ये काढला, कारण हाती जेमतेम वीस कोटी येत होते. संपत्ती कर १९५७ पासून होता. अरुण जेटलींनी २०१५ मध्ये तो रद्द केला, कारण २०१३-१४ ची वसुली १,००८ कोटींवरच अडली होती. ती का अडली? १९९२ नंतर शेअर्स त्यातून वगळले होते. उरले दागिने, गाड्या, रिकामे भूखंड आणि जादा घरे. ज्याची संपत्ती कंपनीच्या शेअर्समध्ये आहे त्याला मोकळे सोडायचे आणि मग वसुली होत नाही म्हणून कर काढायचा, याला काय म्हणावे! १९७३-७४ मधला ९७.७५ टक्क्यांचा आयकर मलाही नको. त्याने काळा पैसा वाढवला. पण तेवढ्यावरून श्रीमंतांवरचा प्रत्येक कर फसतो असे निघत नाही.

माझे म्हणणे असे. एक कोटीच्या आतल्या उत्पन्नाला २,५०० ची मर्यादा राहू द्या आणि पुरुषांनाही २५ हजारांपर्यंत माफी द्या. एक कोटीच्या वर मर्यादा उठवून उत्पन्नाच्या एक टक्का व्यवसाय कर घ्या. वीस कोटीवाल्याला वीस लाख पडतील. तेवढ्यासाठी कोणी कफ परेड सोडून जाणार नाही. नुसते शेअर्स धरून बसलेला यात येत नाही, हे मान्य. त्याच्यासाठी दिल्लीलाच हात घालावा लागेल. पण मानधन घेणारे संचालक, मोठे डॉक्टर, वकील आणि सल्लागार यांच्यापासून तरी सुरुवात होईल.

यात एक अट हवी. हा पैसा रोजगार हमी निधीतच जावा आणि त्याचा जिल्हावार हिशेब दर वर्षी छापला जावा. केंद्राची रोजगार हमी योजना आल्यावर अकुशल मजुरीचा बहुतेक भार दिल्लीने उचलला, आपली व्यवसाय कराची कपात मात्र चालूच राहिली. रोजगार हमीच्या नावाने बसवलेल्या या कराचे पुढे काय होते, हे पगारदाराला कोणी सांगत नाही. आधी ते सांगा, मग श्रीमंतांकडे मागायला तोंड राहील.

महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ खासदार आहेत. त्यांतल्या एखाद्याने कलम २७६ च्या दुरुस्तीचे खासगी विधेयक पुढच्या अधिवेशनात मांडावे. अडीचशेचे अडीच हजार करायला जेवढे शब्द लागले, त्याहून फार तर चार ओळी जास्त लागतील.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस
तासगाव, जि. सांगली