साकवाचा प्रकार ओढा पाहून ठरवा

महोदय,

पावसाळा सरला की कोकणात नव्या साकवांची (ओढ्यावरच्या पायपुलांची) अंदाजपत्रके तयार होऊ लागतात. पुष्कळदा आधी रक्कम मंजूर होते, त्या रकमेत बसेल तो प्रकार निवडला जातो आणि मग ओढ्याने त्याच्याशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा असते. ओढा जुळवून घेत नाही.

पहिल्यांदा पूरपातळी हवी. वाशिष्ठी आणि सावित्रीच्या खोऱ्यांत २००५ आणि २०२१ च्या जुलैतल्या खुणा धरल्याशिवाय ती पक्की मानू नये. वाडीतल्या जाणत्यांकडून खूण दाखवून घेऊन लेव्हल काढणे फार वेळाचे काम नाही. महापुरात सेकंदाला ३० ते ३०० घनमीटर पाणी वाहणार असेल, तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेप्रमाणे पूरपातळी आणि तुळईचा तळ यांत किमान ९०० मिमी मोकळीक लागते. डोंगरातून झाडे उन्मळून येत असतील तर आम्ही १२०० धरू. एवढी उंची मिळत नसेल तर पूल उचलण्याआधी ओढ्याच्या वरच्या अंगाला फिरून उंच, अरुंद काठ शोधावा. पूल दोन मीटर उचलला की १:१२ च्या उताराने प्रत्येक बाजूला २४ मीटर रॅम्प लागतो, मधले सपाट टप्पे वेगळेच. पायऱ्या स्वस्त पडतात खऱ्या, पण आजाऱ्याची डोली तिथेच अडते.

गाळा (दोन आधारांमधले अंतर) आठ-दहा मीटरपर्यंत असेल तर काँक्रीटचा स्लॅब घालावा. खाऱ्या हवेत त्याची देखभाल सर्वांत कमी. मोठा गाळा असताना मध्ये खांब घेऊन दोन स्लॅब टाकण्याचा मोह मात्र आवरावा. खांबाला ओंडका अडतो, त्यावर पाला-झावळ्या साचतात, पाण्याची वाट अरुंद होते आणि खांबाच्या बुडाची माती उकरली जाते. त्यापेक्षा वीस मीटरपर्यंत लोखंडी तुळयांचा आणि त्यापुढे ट्रसचा (लोखंडी त्रिकोणी सांगाड्याचा) एकाच गाळ्याचा साकव बरा.

लोखंडी तुळयांत नेहमी चुकते ते कंपन. दीड मीटर रुंद, १५ मीटर गाळ्याचा आणि वर १०० मिमी काँक्रीट असलेला साकव घ्या. ४५० मिमी उंचीच्या दोन आयएसएमबी (इंग्रजी I च्या आकाराच्या) तुळया ताकदीला पुरतात, पण त्यांची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे साकव सेकंदाला आपसूक किती वेळा हलतो तो आकडा, साधारण ३.२ हर्ट्झ येते. माणूस सेकंदाला दोनेक पावले चालतो, शाळा सुटल्यावर पोरे तीन पावलांनी पळतात, आणि साकव नेमका त्याच ठेक्यावर हलू लागतो. तुळया ६०० मिमीच्या घेतल्या की वारंवारता ५ हर्ट्झच्या वर जाते आणि तक्रार मिटते. लोखंड वाढते हे खरे. पण हलणाऱ्या साकवावर नंतर टेकू उभे करणे म्हणजे पुन्हा पात्रात खांब.

दुसरी चूक टोकांची. २० मीटरची तुळई तापमानातल्या ३० अंशांच्या फरकाने सुमारे ७ मिमी लांब-आखूड होते. दोन्ही टोके काँक्रीटमध्ये गाडली तर बैठकीलाच तडे जातात. एक टोक पक्के ठेवावे, दुसऱ्याला लांबट भोके द्यावीत. वर चेकर्ड प्लेट (नक्षी उठवलेला लोखंडी पत्रा) नको: पावसाळ्यात शेवाळ धरून ती घसरडी होते आणि प्लेट व तुळई यांच्या फटीत पाणी राहून गंज आतून खातो.

भार ठरवताना रोजची दहा माणसे मोजू नयेत. संहितेत पादचाऱ्यांसाठी चौरस मीटरला ४०० किलो आणि जत्रा-यात्रांच्या ठिकाणी ५०० किलो भार धरला आहे. शिमग्याची पालखी साकवावरून जाते तेव्हा दीड बाय वीस मीटरवर हा भार १५ टन होतो. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून ४ जण गेले. दुचाकी येऊ द्यायची नसेल तर दोन्ही तोंडांना खांब रोवावेत. यायचीच असेल तर रुंदी, कठडे आणि भार आधीच तसे धरावेत. अधलेमधले धोरण अपघात घडवते.

झुलत्या पुलाची मागणी अलीकडे वाढली आहे, त्यात फोटोंचा मोह बराच आहे. गाळा साठ मीटरच्या पुढे असेल आणि पात्रात पाया शक्यच नसेल, तरच तो घ्यावा. त्याचा सारा ताण काठावरच्या नांगर-ठोकळ्यांवर (दोराची टोके धरून ठेवणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर) येतो, आणि जांभ्याखाली चिकणमाती लागली तर ठोकळा सरकू शकतो. म्हणून दोन्ही काठांवर बोअर घेऊन माती पाहिल्याशिवाय नकाशा काढू नये. दरवर्षी क्लॅम्प आवळणे, दोराच्या आतल्या तारा तपासणे हे कोण करणार, हेही लेखी ठरायला हवे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातेत मोरबीचा झुलता पूल कोसळून १३५ माणसे दगावली; मुख्य दोरातल्या ४९ पैकी २२ तारा आधीच गंजल्या होत्या, असे तपास पथकाला आढळले. ज्या ग्रामपंचायतीकडे तपासणीला माणूस नाही, तिच्या गळ्यात असा पूल घालू नये.

आणि प्रकार कोणताही असो, पंखभिंती (टोकांना भराव धरणाऱ्या बाजूच्या भिंती) व जोडभरावाच्या पिचिंगचे (साकवाला जोडणाऱ्या मातीच्या भरावावरील दगडी अस्तराचे) पैसे अंदाजपत्रकातून कापू नयेत. पहिल्याच पुरात भराव वाहून जातो, साकव शाबूत उभा राहतो आणि त्यावर चढायला शिडी लावावी लागते.

— पूलबांधणीत काम करणारे काही अभियंते, रत्नागिरी