आधी मावशीला दाखव

धारूर,
रविवार, रात्री

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

दुपारी तू फोन ठेवलास तेव्हापासून कामात हात चालेना. पप्पा म्हणाले, "बोलताना तुझा तोल जातो, त्यापेक्षा लिही." म्हणून अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरातली कोरी पानं घेऊन बसलेय. ऊसतोडीला गेलेल्या मावशीवर तू केलेल्या पिक्चरबद्दल तू मत मागितलं होतंस आणि मी मत द्यायच्या आधीच "बंद कर ते" म्हणून मोकळी झाले. चुकलं माझं.

आज तिसऱ्यांदा पाहिला. दादानं मोबाइल टीव्हीला जोडून दिला होता. पहाटेचा उसाचा फड, धुकं, आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी मावशी. ती फळी हलते तेव्हा मी तीनही वेळा पदर तोंडाशी धरला. पप्पा उठून ओट्यावर गेले. आत आल्यावर एवढंच म्हणाले, "आपल्या पोरीला दिसतं." उद्या आमच्या मदतनीसबाईंनाही सांगणार आहे, आमच्या ताईनं चोवीस मिनिटांचा पिक्चर केलाय म्हणून. दाखवणार मात्र नाही. ते का, ते पुढं लिहिते.

काय कळलं नाही ते सांग, असं तू लिहिलं होतंस. खाली येणारं इंग्रजी दादानं वाचून अर्थ सांगितला. मावशी "आमच्या टोळीत दहा कोयते" म्हणते, तिथं तू दहा मजूर केलंयस. कोयता म्हणजे नवरा-बायकोचं जोडपं, ताई. वीस माणसं होतात. तुझ्या पुण्याच्या सरांना ते कळायचं नाही, पण तुला कळायला पाहिजे. बायको अशीच मोजणीतून गळते. हंगामाआधी मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीलाही तू कर्ज लिहिलंयस. कर्ज कुठूनही पैसा आणून फेडता येतं. उचल ऊस तोडूनच फेडायची, खाडा पडला तर पैसे कापायचे, आणि हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत फिटली नाही तर पुढच्या दसऱ्याला पुन्हा त्याच मुकादमाकडं जायचं. एका शब्दात बसत नसेल तर उचल असंच ठेव.

२०१९ च्या पाहणीचा आकडा येतो तो वाचेपर्यंत जातो. ८२ हजारांवर ऊसतोडीच्या बायकांना विचारलं आणि १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाची पिशवी काढलेली निघाली, हे वाचायला माझ्यासारखीला वेळ लागतो. थांबू दे तो. आणि मावशी बोलते तेव्हा मागं बासरी लावलीस, ती काढ. ट्रॅक्टरचा आवाज असू दे, तो तिथं असतोच.

आता सतरावं मिनिट. तिथं मावशी पिशवीच्या ऑपरेशनचं सांगते. पैसे कुणाकडून घेतले, तो काय म्हणाला, काका काय म्हणाले, सगळं सांगते. ताई, हे तिनं भाचीला सांगितलंय. तू म्हणालीस, तिची सही आहे. असेल. गाडी भरून रात्री दोनला कोपीवर, त्या पाचटाच्या झोपडीत, आलेली बाई, चुलीपुढं बसून, तू पुढं केलेल्या कागदावर सही करते. तीही तूच शिकवलेली सही. मला फोनवर म्हणाली, "ताईच्या कालेजात द्यायचंय म्हणं." कालेज म्हणजे तिला परीक्षेचा पेपर वाटतो, चार गावांत फिरणारा पिक्चर नाही. तू तिचा चेहरा अंधारात ठेवलास खरा, पण हातातल्या पाटल्या आमच्या आईच्या आहेत. आवाज तर सगळी वस्ती ओळखेल. शेवटी ट्रॅक्टरचा नंबरही दिसतो.

सरांना दाखवलंस, मैत्रिणींना दाखवलंस, मला दाखवलंस. तिला दाखवलं नाहीस.

माणसाचं दुःख घेताना आधी त्याला... नाही, राहू दे. हे मी तुला शिकवायचं नाही. पाचवीत असताना हंगामी वसतिगृहातल्या मैत्रिणीला स्वतःचा स्वेटर देऊन घरी कुडकुडत आलेली पोरगी तू, आणि तुला मी माणुसकी सांगत बसलेय. माफ कर.

माझं मन कुठं अडकतं ते लिहिते. आई ऊसतोडीला निघाली त्या वर्षी मी चौथीत होते. गुरुजी आईला म्हणाले, हिला ठेवून जा, हिला अक्षर आहे. मी आजीपाशी राहिले. मावशी अंगावरची, ती आईबरोबर गेली. पाचटावर निजायची, वाढ्याचे भारे ओढत मोठी झाली. पुढं मला दहावीपर्यंत शाळा मिळाली, तुझे पप्पा मिळाले. तिला चौदाव्या वर्षी कोयता. ऑपरेशन झालं तेव्हा ती अठ्ठावीसची होती आणि मला महिन्यानं कळलं. बारा दिवसांत पुन्हा फडात होती. मी विचारलं नव्हतं कधी, तू विचारलंस. त्याचा मला अभिमान आहे, आणि दुपारी मी जे ओरडले त्यात थोडी लाजही होती माझी. हे फोनवर सांगता आलं नसतं.

म्हणून म्हणते, गुरुवारी पिक्चर लॉक का काय करता, म्हणजे पुढं बदल नाही, ते आठ दिवस पुढं ढकल. सर रागावतील, मार्क कापतील, कापू देत. एकदा बंद झालं की तू एक वाक्य काढायलाही कुरकुरशील, मी ओळखते तुला. पट्टा पडायला अजून महिना आहे, ती सांगलीकडंच आहे. आपण दोघी जाऊ. एसटीला आता बायकांना अर्धं तिकीट आहे. काका गाडी खाली करायला कारखान्यावर गेले की रात्रभर तिथंच नंबर लावून असतात, तेवढ्यात कोपीत बसून दाखवू. ती म्हणाली असू दे, तर असू दे, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. काढ म्हणाली तर काढायचं. पिक्चर लंगडा होईल असं तू म्हणालीस, होईलही. तरी तिलाच विचार.

मी शुक्रवारची रजा टाकते. तू पुण्याहून परस्पर ये, मी इकडून निघते. तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी केलीय. कोपीवर लाइट नाही, लॅपटॉप पूर्ण भरून आण.

तुझी
आई